येऊन राहिली

माझ्या मैत्रिणीला फोन ठेवताना "येते" म्हणायची सवय आहे. घरातून निघताना माणूस "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो, ते मलाही कळतं. पण फोनवर कोण कुठून निघतं? ती साताऱ्याला तिच्या स्वयंपाकघरात, मी नागपूरला माझ्या. कुणी उठत नाही, चप्पल शोधत नाही, तरी बोलणं संपलं की हिचं ठरलेलं, "बरं, येते गं." मी दर वेळी खेकसायचे, "ये ना मग! नुसतं येते येते काय लावलंय?" ती हसायची आणि फोन ठेवायची. वर्षानुवर्षं हेच. मला सांगा, डोकं फिरणार नाही का माणसाचं?

आमची ओळखच मुळी फोनवर झाली, आणि तीही मैत्री करायला म्हणून नाही. लग्नाची स्थळं टाकायचा एक ऑनलाइन ग्रुप होता. मला मुलीचं बघायचं होतं, तिला मुलाचं. मुलीचा परिचय लिहायला मी अख्खी संध्याकाळ घालवली. माझा नवरा कळमन्याच्या बाजारात मिरचीचा अडत्या आहे. तो मागून डोकावून म्हणाला, "माल चांगला असला तं एवढं लिहा लागते काहून?" पोटच्या पोरीबद्दल असं बोलतात? मी त्याला खोलीबाहेर हाकललं आणि पुन्हा लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून उत्तर आलं. मला वाटलं, उंची विचारतील, पगार विचारतील. उत्तर असं होतं: "ग्रुहकृत्यदक्ष नव्हे, गृहकृत्यदक्ष. सुस्वरूपमधला रू दीर्घ. पत्रिका पाठवावी." बाई मराठीच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या, पण लाल पेन काही खाली ठेवलेलं नव्हतं. अस्सा संताप आला म्हणता! मुलगी राहिली बाजूला आणि ही माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासतेय. पण आपली बाजू पडली मुलीकडची. राग गिळला आणि लिहिलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे." असलं वाक्य मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. आमच्या जरीपटका वस्तीत कुणाला असं म्हटलं असतं, तर माझी तब्येत विचारायला लोक घरी आले असते.

आणि त्या एका वाक्यानं मी अडकले. पुढं तिच्याशी जे काही बोलले, लिहिलं, ते सगळं शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत. आमच्या घरी "मला" नाही, "मले" असतं. "का" नाही, "काहून". आणि "मी जेवते आहे" असं तर कुणी म्हणतच नाही, "जेवून राहिली" म्हणतात. यातलं एक अक्षर मी तिच्या कानावर पडू दिलं नाही. एकदा फोन हातात असताना दूधवाल्यावर ओरडले, "काहून बेल वाजवून राहिला गा सारखा?" ती पलीकडून म्हणाली, "अगं, कोण बोललं ते?" मी बेधडक सांगितलं, शेजारीण. मग ती शेजारीण इतकी वर्षं तिच्या लक्षात राहिली. अधूनमधून विचारायची, "तुझी ती भांडकुदळ शेजारीण कशी आहे?"

मुलांचं काही जमलं नाही. दोघं एकदा व्हिडिओवर बोलली आणि आपापल्या आईला म्हणाली, "व्हाइब नाही." व्हाइब म्हणजे काय, ते समजून घ्यायला मी तिला फोन केला, तर तिलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून पोरांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, उरलेली बोटं मोडायला. असं करता करता पोरांची लग्नं दुसरीकडं झाली, ग्रुप बंद पडला आणि आमचं बोलणं तेवढं चालू राहिलं.

ती मैत्रीण म्हणून कशी आहे, ते सांगते. आवाजी निरोप पाठवते, आणि असा लांबलचक की माझी कणीक मळून होते, पोळ्या होतात, ओटा पुसून होतो, तरी ही अजून मेथीच्या भावावर. मध्ये मांजर येतं, त्याच्याशी बोलते. मग खोकते. मग म्हणते, "हां, तर काय सांगत होते?" आता मला काय माहीत! आणि संध्याकाळी परीक्षा. "सकाळी मी कशाबद्दल बोलले, सांग बघू." नीट सांगता आलं नाही की फुगून बसते.

पण खोटं कशाला बोलू, माझी तिच्याइतकी जवळची कुणी नाही. आमच्या मुलीनं घरी येऊन सांगितलं की मी माझं ठरवलंय, कोर्टात लग्न करतेय, तेव्हा नवरा जेवणाच्या ताटावरून उठला. नातेवाइकांचे फोन सुरू झाले, वरून काळजी, आतून मजा. मी दार लावून बसले होते. हिचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुलगा पोळ्या लाटतो का, ते विचार आधी." मला रडता रडता हसू फुटलं. मी खरंच विचारलं. लाटतो, आणि माझ्यापेक्षा गोल.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. ती कधी दिसायची नाही. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. व्हिडिओ लावला की माझा चेहरा, माझं स्वयंपाकघर, माझ्या पुढच्या दातांतली फट, सगळं तिला दिसायचं आणि तिच्या बाजूला काळाकुट्ट अंधार. म्हणायची, कॅमेरा बिघडलाय. मुलानं नवा फोन घेऊन दिला, त्याचाही बिघडला. असे कसे सगळे कॅमेरे एकाच बाईच्या हातात बिघडतात?

भेटायचं म्हटलं की सासूबाई. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हिला घर सोडता यायचं नाही. मी येते म्हटलं, तर "तू आलीस आणि मला तुझ्याकडं बघायला वेळ नाही, असं नको व्हायला. मीच येते गं." हे मला पटत होतं. मग सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं. मी म्हटलं, आता ये. तर गुडघा दुखतो. गुडघा बरा झाला, तर नागपूरचं ऊन. ऊन गेलं, तर मांजराला कोण बघणार. मांजराची सोय झाली, तर घराला रंग काढलाय. अरे, घर आहे की राजवाडा, रंग संपेचना! शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "हे बघ, तुला यायचं नाहीये. स्पष्ट सांग. आणि नसेल यायचं, तर उद्यापासून फोनही करू नकोस."

त्यावर तिचा निरोप आला. इतक्या वर्षांतला पहिला छोटा निरोप. मांजर नाही, खोकला नाही. म्हणाली, "माझ्या चेहऱ्यावर कोड आहे. दोन्ही गाल, कपाळ, हात. लग्नानंतर सुरू झालं. मुलाचं स्थळ बघायला आलेली दोन घरची माणसं मला बघून चहा न घेता उठली. मला त्याची सवय आहे. पण मला न बघता माझ्याशी बोलणारी तू एकटीच आहेस. तू बघितलंस आणि तुझा आवाज बदलला, तर मला ते लगेच कळेल."

मी ओट्यापाशी उभी राहून तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. काय राग आला मला! त्या चहा न घेता उठलेल्या माणसांचा आला, आणि तिचाही आला. म्हणजे इतकी वर्षं हिनं माझी हीच किंमत केली? लिहायला बसले तर चांगले शब्द सुचेनात. शेवटी लिहिलं, "मग? माझ्या दातांतली फट तू रोज बघतेस, मी कधी तक्रार केली? तिकिट कधीचं काढतेस ते सांग." दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं शांतता. दुसऱ्या दिवशीही शांतता. मला वाटलं, घालवली मी तिला. तिसऱ्या दिवशी तिकिटाचा फोटो आला. खाली एवढंच होतं: "तिकीटमधला की दीर्घ. येते."

ती येणार त्या दिवशी मी सकाळपासून स्वयंपाकघरात होते. नवरा म्हणाला, "मेट्रोनं जाय ना, स्टेशनजवळ उतरवून देते." मी म्हटलं, माझी मैत्रीण आहे, माझ्या स्कूटीवर येईल. तिकडं ती गाडीतून निरोपांचा रतीब घालत होती. भुसावळला केळी घेतली. बडनेऱ्याला चहा पाणचट होता. समोरची बाई घोरतेय. वर्ध्याच्या पुढं म्हणाली, "फोनची बॅटरी संपत आलीय. आणि मला धडधडतंय गं. स्कार्फ बांधून घेतलाय तोंडाला. आता वाटतंय, मधेच उतरावं." माझे हात पिठात, कढईत शेवटचा घाणा. ही गाडी आयुष्यात कधी वेळेवर येत नाही, म्हणून मी निवांत. बघते तर त्या दिवशी मेली वेळेवर! गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि दारातूनच घाईघाईत लिहिलं, "घाबरू नको. मी स्टेशनवर येऊन राहिली."

घाईत माणूस घरचीच भाषा लिहितो. माझ्या लक्षातही आलं नाही.

कामठी रोडला लागले आणि सगळं ठप्प. कळमन्याकडं जाणाऱ्या गाडीतून लाल मिरचीची पोती पडून फुटली होती आणि त्यावरून चाकं जाऊन रस्ताभर ठसका उठला होता. ट्रकवाले शिंकतायत, पोलीस शिंकतोय, बसमधली पोरं डोळे चोळत रडतायत. घरात मिरची, धंद्यात मिरची, स्वभावात आहेच, आता रस्त्यातही मिरची! मी ओढणी नाकातोंडावरून गच्च आवळली, नुसते डोळे उघडे ठेवले, तेही धड उघडेनात. तिला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. निरोप पाठवून पाठवून संपवली ना बॅटरी! नवरा मेट्रो म्हणत होता, तेही आठवलं, त्यामुळं आणखी चिडचिड झाली.

स्टेशनात पोचले तेव्हा तिची गाडी पुढं निघूनही गेली होती. फलाटावर हमाल आणि चहावाला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. पुलावर बघितलं, बाहेर रिक्षांपाशी बघितलं, पुन्हा आत आले. बायकांच्या प्रतीक्षालयात बघितलं, तिथं तोंड बांधलेल्या बायका बऱ्याच होत्या. नागपुरात निम्म्या बायका तोंड बांधूनच फिरतात, ऊन असो नसो. ओळखायचं कुणाला? जास्वंदीच्या फुलाला?  मनात आलं, ती वाटेतच उतरली. घाबरली आणि उतरली. आता ती साताऱ्याला जाईल आणि पुन्हा कधी फोन उचलणार नाही.

चौकशीच्या खिडकीपाशी गेले. तिथं एक बाई उभी होती, राखाडी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढलेला, पायाशी बॅग. आतल्या माणसाला विचारत होती, "पुण्याच्या दिशेनं जाणारी पुढची गाडी किती वाजता सुटते, ते कृपया सांगता का?" कृपया! नागपूर स्टेशनात कृपया! आतला म्हणाला, "बोर्ड पे देखो ना मॅडम." ती म्हणाली, "पाहिला. त्यावर 'आगमन' चुकीचं लिहिलं आहे."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

मी मागून तिचा दंड धरला आणि फुटलेच. "अवं कुठं होती वं तू? धुंडून धुंडून पागल झाली मी! फोन काहून बंद करून ठेवला? आणि गाडी कायची पुसून राहिली? आल्या पावली जाऊन राहिली का तू? सकाळपासून मी चुलीपुढं मरून राहिली, रस्त्यात मिरची खाऊन राहिली, आणि हे बाई इथं गाड्या पाहून राहिली! भैताड!"

ती घाबरून मागं सरली. "बाई, सोडा माझा हात. आपण कोण?"

मग मला कळलं, माझं तोंड बांधलेलं आहे. मी ओढणी ओढून काढली. डोळे लाल, नाक वाहतंय, दातांतली फट. तिनं मला ओळखलं, पण चेहरा पडलेलाच. हळूच म्हणाली, "तू गेली होतीस ना?"

"कुठं?"

"तू लिहिलं होतंस, स्टेशनवर येऊन राहिली. म्हणजे आलीस, थांबलीस. मी उतरले. थोडा वेळ स्कार्फ काढून उभी राहिले, तुला ओळखता यावं म्हणून. तू कुठंच नव्हतीस. म्हटलं, हिनं लांबून बघितलं असेल. आणि गेली असेल."

 एका शब्दापायी ही बाई फलाटावर उघड्या तोंडानं उभी राहिली, मग पुन्हा तोंड झाकून परतीची गाडी शोधायला लागली. मी कपाळावर हात मारला. "अवं, येऊन राहिली म्हणजे येत होती मी! रस्त्यात होती! आमच्यात तसंच बोलतात!"

"वऱ्हाडीत ना?" तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "ते मला माहीत आहे. पण तू कधी बोललीस तसं? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"तुले कशी बोलू? तू पहिल्याच दिवशी माह्या ऱ्हस्व-दीर्घाचा मुडदा पाडला!"

 ती म्हणाली, "म्हणजे ती शेजारीण..."

"मीच," मी म्हटलं. "शेजारीण बिचारी गरीब आहे, तिचा आवाजसुद्धा निघत नाही."

आणि ती हसायला लागली. फोनवर हसते तशीच, मध्ये खोकत. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला तिनं स्वतःच स्कार्फ काढला. मी बघितलं. गालांवर, कपाळावर पांढरं, मध्ये मध्ये मूळचा सावळा रंग. ती हसायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. माझ्या आवाजाची वाट बघत होती, ते मला समजलं. मी म्हटलं, "चाल ना वं आता, वड्या थंड होऊन राहिल्या." तिनं कान देऊन ऐकलं. मग बॅग उचलली.

घरी नवरा दारातच उभा होता. हात जोडून म्हणाला, "या ताई. तुमचा आवाज तं आमच्या घरात कितीक वर्षांपासून राहून राहिला. आज तुम्ही पण आल्या, बरं झालं." जेवताना तिनं वडीला काय म्हणतात विचारलं. सांबारवडी, मी म्हटलं. ती ताटात सांबार शोधायला लागली. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावता समजावता माझा पुन्हा जीव गेला. आठवडाभर राहिली. आठवडाभर भांडलो. प्रत्यक्षातही ती तेवढंच बोलते, आणि मध्येच थांबून म्हणते, "सांग बघू, मी काय म्हणत होते?" फक्त माझं चुकलेलं दुरुस्त करायची सोडली. उलट "अजून बोल की तसं" म्हणून मागं लागायची. मी फरमाईश आल्यावर बोलायला काय रेडिओ आहे?

परतीच्या दिवशी मी तिला मेट्रोनं स्टेशनवर नेलं. ती तिच्या गाडीत खिडकीशी बसली. स्कार्फ बॅगेच्या तळाशी कुठं तरी असेल. समोर बसलेली बाई तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती. हिनं तिला केळं दिलं आणि मेथीचा भाव सांगायला सुरुवात केली. मी उगाच पाण्याच्या बाटलीवरून तिच्यावर ओरडत होते. गाडीनं शिट्टी दिली. तिनं गजांतून हात बाहेर काढून माझा हात धरला.

"बरं, येते गं."

"काहून खोटं बोलते वं?" माझा आवाज फाटला. "चालली ना तू? जाऊन राहिली ना?"

 ती वर्गात फळ्यावर लिहावं तसा एकेक शब्द जोडत म्हणाली, "नाही. मी... येऊन राहिले."

गाडी हलली. मी तिच्या खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, आणि या वेळी मिरची नव्हती. पण इतक्या वर्षांनी तिची चूक माझ्या हाती लागली होती, ती काय सोडणार होते मी?

"राहिले नाही वं भैताड," मी ओरडले, "राहिली! राहिली म्हण!"